खिडकीवरचं एकच उत्तर

मनोविकार विभागात नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. ओपीडी उरकली होती, केस पेपरच्या खिडकीवरचे क्लार्क जेवायला गेले होते, म्हणून त्यांच्या जागी मी बसले होते. साठीतले एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं अगदी मऊ. भाचीसाठी स्थळ आलंय म्हणाले, मुलाचं नाव-गाव सांगितलं. "ताई, हा मुलगा तुमच्याकडे औषधाला येतो असं कानावर आलंय. खरं की खोटं, तेवढंच सांगा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." मी रजिस्टर चाळलं. नाव नव्हतं. एखाद्या मुलावर उगाच बालंट नको, अशा चांगल्या मनाने मी म्हणाले, "नाही हो काका, या नावाचं कोणी येत नाही इथे."

तीनेक महिन्यांनी तेच काका पुन्हा खिडकीवर. ते स्थळं जुळवून देतात हे तोवर मला ठाऊक नव्हतं. या वेळी नाव वेगळं होतं, आणि त्यासाठी मला रजिस्टर उघडायची गरज नव्हती. आदल्याच आठवड्यात त्या मुलाशी मी तासभर बोलले होते. शिकवलं होतं तसं मी म्हणाले, "अशी माहिती आम्ही कोणाला देत नाही." काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पिशवी खांद्यावर सारखी केली, "कळलं" म्हणाले आणि निघून गेले.

मी काहीच सांगितलं नव्हतं आणि सगळं सांगून बसले होते. चूक त्या दिवशीच्या गप्प राहण्यात नव्हती. ती तीन महिन्यांपूर्वीच्या 'नाही'मध्ये होती. ज्याचं नाव रजिस्टरात नाही त्याच्याबद्दल मोकळेपणाने 'नाही' म्हणायचं आणि ज्याचं आहे त्याच्याबद्दल नियम सांगायचा, म्हणजे नियमच चुगली करतो. म्हणून खिडकीवरचं उत्तर एकच असावं लागतं, येणाऱ्यासाठी तेच आणि न येणाऱ्यासाठीही तेच: "इथे कोण येतं आणि कोण येत नाही, यातलं काहीही आम्ही सांगत नाही." झाकण्यासारखं काही नसतानाही झाकायची सवय लागली, तरच ज्याच्यापाशी झाकण्यासारखं आहे तो सुरक्षित राहतो. या पुस्तिकेत पुढे जे काही आहे, ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

मनोविकाराच्या नोंदींना असा वेगळा जपणूकधर्म कशासाठी, असं इतर विभागांतले सहकारी विचारतात. कावीळ झाली, पित्ताशयाचा खडा निघाला, हेही खासगीच की. खरं आहे. पण मधुमेहाच्या फाईलमध्ये आकडे असतात, आमच्या फाईलमध्ये माणसं असतात. रुग्ण एकटा कधीच नसतो. त्याच्यासोबत नवरा असतो, सासू असते, गोठ्याच्या वाटणीवरून न बोलणारा भाऊ असतो, ऑफिसातला साहेब असतो. यांपैकी कोणीही आपल्याबद्दल लिहायची परवानगी दिलेली नसते. शिवाय नोंद रुग्णाच्या शब्दांत नसते, ती आमच्या शब्दांत असते. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांत कोणी 'संशयी स्वभाव' असं लिहून जातो. पुढचा डॉक्टर मागचा कागद बघून तेच उतरवतो. पंधरा वर्षांनी माणूस पुरता बदललेला असतो. ते दोन शब्द मात्र प्रत्येक नव्या केस पेपरवर शिळेपणा न येता टिकून असतात.

दुसरं कारण उपचाराच्या आतलं आहे. हाडाच्या डॉक्टरला एक्स-रे असतो, हृदयाच्या डॉक्टरला ईसीजी. आमच्याकडे रुग्ण जे सांगेल तेच यंत्र. सांगितलेलं या खोलीबाहेर जाणार नाही अशी खात्री नसेल तर तो झोप लागत नाही एवढंच सांगतो, गोळ्या घेतो आणि जातो. त्यामुळे गुप्तता हा उपचारावर चढवलेला शिष्टाचार नाही, ते औषधातलंच एक द्रव्य आहे. निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांसाठी 70 ते 92 टक्के माणसं उपचाराविना असल्याचं आढळलं. सर्वेक्षण झालेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला जागा नाही. हे सगळे काही बोभाट्याच्या भीतीने घरी बसलेले नाहीत. अंतर आहे, खर्च आहे, डॉक्टरांची वानवा आहे. तरी आपल्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ असताना दोन एसट्या बदलून परक्या शहरात औषधाला जाणारे लोक आम्ही रोज पाहतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार ठिकाणी राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि यांतल्या गावांची नावं आपल्या भाषेत टोमणा म्हणून वापरली जातात. "याला येरवड्याला पाठवा" हे वाक्य ज्याने शाळेत ऐकलेलं आहे, तो त्या खिडकीवर आपलं नाव सहजी सांगत नाही.

कायदा इथवर पोचायला वेळ लागला. 1912 च्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता आणि त्याची मुख्य चिंता माणसाला आत कसं ठेवायचं ही होती. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये लागू झाला. त्यात रुग्णाची पत्रं अडवू नयेत, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवाव्यात, अशा तरतुदी आल्या. पण गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे असं स्वच्छ शब्दांत सांगितलं ते मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने. तो 29 मे 2018 पासून अमलात आहे. त्याची तीन कलमं या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ हवीत. कलम 23 म्हणतं, माणसाचं मानसिक आरोग्य, उपचार, शारीरिक आरोग्य, सगळ्याविषयी गुप्तता हा त्याचा हक्क. कलम 24 म्हणतं, उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा कसलीही माहिती त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना द्यायची नाही, आणि संगणकात साठवलेल्या माहितीलाही हाच नियम. कलम 25 म्हणतं, स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातलं पंचविसावं कलम आम्ही सोयीस्करपणे विसरतो. गुप्तता म्हणजे रुग्णापासूनही लपवणं, असा समज कितीतरी रेकॉर्ड रूममध्ये मुरलेला आहे. "तुम्हाला काय करायचंय बघून?" हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. फाईलचा कागद रुग्णालयाचा. त्यावरचं आयुष्य रुग्णाचं. ती त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. सराफ गिऱ्हाइकाचा दागिना शेजारणीला दाखवत नाही, पण गिऱ्हाइकालाच "बघू नका" असंही म्हणत नाही. मजकूर वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल, असं वाटलं तर उपचार करणारा तज्ज्ञ तेवढा भाग राखून ठेवू शकतो. मात्र तेव्हा "याविरुद्ध तुम्ही या कायद्याखालच्या मंडळाकडे दाद मागू शकता" हे सांगणंही त्याचं कर्तव्य आहे. आंतररुग्णाच्या नोंदी निदान 3 वर्षं जपाव्यात आणि मागितल्यापासून 72 तासांत द्याव्यात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम तर 2002 पासूनचा आहे.

ठेवीची उपमा एका जागी लंगडी पडते, आणि तीच जागा सगळ्यात दुखरी आहे. हरवलेला दागिना सापडू शकतो किंवा त्याची भरपाई होऊ शकते. फुटलेली गोष्ट परत आत जात नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात फाईली ठेवायचं एक कपाट आहे. पहारीने उचकटल्यामुळे वाकलेलं. ते कॅलिफोर्नियातले मनोविश्लेषक डॉ. लुईस फील्डिंग यांचं. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वृत्तपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग त्यांचे रुग्ण होते. एल्सबर्ग यांना बदनाम करता येईल असं काही हाती लागावं म्हणून अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी 3 सप्टेंबर 1971 च्या रात्री तो दवाखाना फोडला. कामाचं काही मिळालं नाही. पुढे मे 1973 मध्ये एल्सबर्ग यांच्यावरचा खटला न्यायाधीशांनी काढून टाकला, त्यामागच्या सरकारी गैरवर्तनात ही घरफोडीही होती. एका माणसाचं मन वाचण्यासाठी तेव्हा चोर पाठवावे लागले आणि कपाट फोडावं लागलं.

फिनलंडमध्ये त्यासाठी रात्री कोणी घराबाहेर पडलंही नाही. वास्तामो ही तिथली मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी. तिची संगणकातली माहिती चोरीला गेली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सुमारे 33,000 रुग्णांची नावं, ओळख क्रमांक, उपचारकांनी सत्रानंतर लिहिलेली टिपणं एका खंडणीखोराच्या हाती असल्याचं उघड झालं. कंपनीने पैसे दिले नाहीत तेव्हा त्याने रोज काही रुग्णांची टिपणं आंतरजालाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली आणि मग थेट रुग्णांनाच ईमेल पाठवले: 24 तासांत 200 युरो, नाहीतर 500. कंपनी दिवाळखोर झाली. आरोपीला एप्रिल 2024 मध्ये जिल्हा न्यायालयाने 6 वर्षं 3 महिन्यांची शिक्षा सुनावली. पण आपली आई, आपला जोडीदार, आपली मुलं ते वाचतील या विचाराने ज्यांच्या त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, त्यांच्या नोंदी कोणत्याही निकालाने पुन्हा कपाटात जाणार नाहीत.

आपल्याकडे ही वाट आता रुंद होते आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 आकडी आभा क्रमांकाला नोंदी जोडल्या जातात. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर घरबसल्या समुपदेशन मिळतं. दोन्ही सोयी हव्याच आहेत. पण 2011 च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांनी मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने असा वेगळा गट ठेवलेला नाही. सुरक्षेत कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, मात्र किराणा दुकानात दिलेला मोबाईल नंबर आणि समुपदेशकाला सांगितलेलं बालपण त्याच्या लेखी एकाच जातीचं. तो फरक कायदा करत नसेल, तर हाताळणाऱ्याने करायला हवा.

आता दुसरी बाजू. गुप्तता कुठे मोडायची? बर्कलीच्या विद्यापीठात शिकणारा प्रसेनजित पोद्दार हा भारतीय विद्यार्थी 1969 मध्ये आपल्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला म्हणाला, की मी एका मुलीला मारणार आहे. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला थोडा वेळ अडवलं आणि सोडून दिलं. त्या मुलीला, तातियाना तारासोफला, किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केलं नाही. 27 ऑक्टोबरला त्याने तिचा खून केला. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. जगभरच्या मानसोपचाराच्या वर्गांत हा खटला आजही शिकवतात.

आपल्या कलम 23 मधले अपवाद याच वाटेवरचे आहेत. उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना, नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या कामापुरतं, दुसऱ्याला इजा किंवा हिंसा टाळण्यासाठी, जिवाला धोका असताना, मंडळाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी माहिती देता येते. पण इजा टाळण्यासाठी द्यायची ती त्या इजेपुरतीच, हे शब्द कलमातच आहेत. आमच्या बोलीत सांगायचं तर जेवढ्यास तेवढं. पोलीस एका धमकीबद्दल विचारायला आले तर अख्खी फाईल झेरॉक्स करून द्यायची नसते. आमच्याकडे नेमकं तेच होतं, कारण निवडून देण्यापेक्षा सगळं देऊन मोकळं होणं सोपं असतं.

काही दारं आपल्या हातात नाहीत, आणि ते रुग्णाला आधीच सांगणं हाच प्रामाणिकपणा. वकिलाला अशिलाने सांगितलेल्या गोष्टीला आपल्या पुराव्याच्या कायद्याने संरक्षण दिलं आहे, डॉक्टरला तसं दिलेलं नाही. न्यायालयाने विचारलं तर बोलावं लागतं. शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की घटस्फोटाच्या दाव्यात जोडीदाराच्या मानसिक स्थितीची वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. पॉक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं बंधनकारक आहे. शाळेतली समुपदेशक "तू सांग, मी कोणाला सांगणार नाही" असं मुलीला म्हणते तेव्हा ती एक असं वचन देत असते, जे पाळायची तिला मुभाच नाही. "काही गोष्टी मला सांगाव्या लागतील, कोणत्या ते आधी ऐक," हे वाक्य ऐकून मूल कदाचित थोडं थांबेल. पण पुढे जे बोलेल ते फसवलं गेल्याच्या भावनेशिवाय बोलेल.

आणि मेल्यावर? जून 2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या मनाचं, औषधांचं, खासगी संदेशांचं दळण वाहिन्यांनी महिनोन्‌महिने दळलं. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निकालात माध्यमांना बजावलं, की आत्महत्येच्या बातम्यांत मृताला दुर्बळ मनाचा ठरवू नये, त्याच्या खासगीपणात शिरू नये. तो गदारोळ चालू असताना आमच्या ओपीडीत एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, मी गेलो तर माझंही असं वाचून दाखवतील?" उपचार घेणारे सगळे टीव्ही बघत असतात, हे आपण विसरतो.

मोठे खटले वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो: आपण थोडेच कपाटं फोडतो! पण माझ्या अनुभवात गुपितं चोरांपेक्षा काटकसरीने, मायेने आणि घाईने जास्त फुटतात. ऑफिसात वाया गेलेल्या झेरॉक्स फेकायच्या नाहीत, पाठकोरे कागद कच्च्या कामाला ठेवायचे, हा आपला संस्कार. एका सहकाऱ्याच्या घरी त्याची लेक अशाच पाठकोऱ्यांवर भागाकार करत होती. कागद उलटला तर मागे एका बाईचं डिस्चार्ज कार्ड: नाव, वय, पत्ता, निदान. मुलीने त्यावर शाईने उत्तराला चौकट केली होती. त्याला दोष काय द्यायचा, तेव्हा माझ्याही टेबलाच्या खणात तसाच गठ्ठा होता. वॉर्डातले मामा भरल्या व्हरांड्यात नाव, आडनाव आणि गावासकट हाक मारतात, कारण म्हाताऱ्यांना ऐकू जावं. सिस्टर लिफ्टमध्ये "तुमचा भाऊ आता बरा आहे ना?" असं आपुलकीने विचारते. औषधाच्या पुड्यावर विभागाचा शिक्का असतो. मेडिक्लेमचा फॉर्म ऑफिसातल्या एचआरच्या टेबलावरून पुढे जातो. नवशिका डॉक्टर 'इंटरेस्टिंग केस' म्हणून कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, नाव झाकतो, कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक झाकायचा राहतो.

घरच्यांचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही, आणि तो बरा होतो त्यात घरच्यांचा मोठा वाटा असतो. गोळ्या कोणत्या वेळी, कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब आणायचं, हे त्यांना कळायलाच हवं. पण सुनेने आत काय सांगितलं ते बाहेर बाकावर बसलेल्या सासूला कळायची गरज नसते, फी जरी सासूने भरलेली असली तरी. काळजी घेण्यापुरती माहिती आणि कुतूहल यांच्यामधली रेघ दर वेळी नव्याने ओढावी लागते. या पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण त्यावरच आहे.

एक आक्षेप मला मान्य आहे. इतकं झाकून आपणच लाज वाढवत नाही का? मनोविकार इतर आजारांसारखाच, मग लपवायचा कशाला? ज्यांनी आपला आजार सभेत उभं राहून सांगितला त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्यांनी तो स्वतः सांगितला. केव्हा, कोणापुढे, किती, हे त्यांनी ठरवलं. तीच गोष्ट खिडकीवरून दुसऱ्याने सांगितली असती तर ती चुगली झाली असती. लपवणं लाजेतून येतं आणि ते काहींसाठीच असतं. राखणं सगळ्यांसाठी सारखं असतं, म्हणून त्यात लाजेला जागा उरत नाही.

ही पुस्तिका डॉक्टरांसाठी कमी आणि बाकीच्यांसाठी जास्त आहे: खिडकीवरचे क्लार्क, रेकॉर्ड रूमचे कर्मचारी, सिस्टर, मामा-मावशी, शाळेतल्या समुपदेशक, क्लेमची कागदपत्रं बघणारे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रोज समोर येणारे प्रसंग आणि तोंडात बसतील अशी वाक्यं दिली आहेत. ती पाठ करा, मोठ्याने म्हणून बघा. ऐनवेळी कलम आठवत नाही, वाक्य आठवतं. ज्या सहकाऱ्यांनी आपल्या चुका लिहून दिल्या, त्यांची नावं अर्थातच इथे नाहीत.

सुरुवातीचा प्रसंग मी प्रशिक्षणात सांगते तेव्हा कोणी ना कोणी हटकून विचारतं, त्या दुसऱ्या मुलाचं पुढे काय झालं? लग्न मोडलं का? प्रसंगातली भाची, पिशवी, महिन्यांचा हिशेब हे मी केव्हाच बदलून टाकलं आहे, इतकं की मूळचं काय होतं ते ओळखू येणार नाही. आणि त्या प्रश्नाला मी जे उत्तर देते, ते ऐकून पहिल्यांदा वर्ग हसतो, मग जरा वेळाने वह्यांत लिहून घेतो: इथे कोण येतं आणि कोण येत नाही, यातलं काहीही आम्ही सांगत नाही.